नऊ अंश, पंखा आणि बेचाळीस काजू

गुरुजी, नमस्कार.

आम्ही खानापूर-जांबोटी रस्त्यावरच्या एका गावात असतो. सव्वादोन एकर भात, त्याच्या मागनं मसूर नि वाल, आणि टेकाडावर सासऱ्यांनी लावलेले बेचाळीस काजू. यंदाची थंडी काही समजलीच नाही. दिवाळीला स्वेटर पेटीतच राहिला. डिसेंबर लागला नि मद्रासकडं कसलं वादळ आलं म्हणे, आमच्याकडं तीन दिवस आभाळ भरून बुरबुर. कापून पसरलेलं भात भिजलं, काही ठिकाणी कोंब आले. मग एकदम अशी थंडी की म्हशीच्या अंगावर पोतं टाकावं लागलं. मालकांनी फोनवर ९ अंश दाखवलं नि म्हणाले, "बघ, जग तापतंय म्हणतात ते सगळं खोटं." थंडी पडली खरं ती आठवडाभरच. संक्रांतीनंतर रात्री पंखा लावून झोपलाव. काजूचा मोहोर अर्धा काळा पडला.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. शिवरात्रीला आला होता. तो म्हणतो, थंडी संपली, काजू संपला, मे महिन्यात जेसीबी लावून झाडं काढू, बोअर मारू, ऊस लावू. बापलेकांचं दोन दिवस बोलणं नव्हतं. सासऱ्यांची काजूच्या हिशेबाची जुनी वही आहे, ती काढून मुलाला दाखवली, त्यानं उघडलीसुद्धा नाही. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, वेचायला बायका मिळत नाहीत, ते वेगळंच. एका थंडीवरनं एवढं ठरवायचं का? दोघांत बरोबर कोण?

एक वाचक, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागनं. या मे महिन्यात झाडं तोडू नका. बोअरही मारू नका. पुढच्या सुगीला भात कापून आभाळाच्या भरवशावर पसरून ठेवायची सवय मात्र मोडा. हिवाळा एकच, तरी एका ठिकाणी "थांबा" आणि दुसऱ्या ठिकाणी "लगेच बदला" असं मी का म्हणतोय, ते सांगतो.

तुमच्या दावणीला म्हैस आहे, म्हणजे डेअरीला दूध जात असणार. एखाद्या सकाळी फॅट कमी लागली तर तुम्ही काय करता? पेंड बदलली होती का, काल वैरण ओली होती का, डेअरीवाल्यानं मापात गडबड केली का, असं काहीतरी पुटपुटत किटली घेऊन घरी येता. म्हैस बाजाराला नेत नाही. फॅट महिनोन्‌महिने घसरत राहिली, पुढच्या वेतातही सुधारली नाही, तर मग विचार सुरू होतो. तुमच्या मालकांनी एका सकाळची फॅट बघून म्हैस झकास ठरवली. मुलानं महिन्याभराची बघून तिला विकायला काढली. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, खरं दोघांची चूक एकाच वाणाची आहे.

आजची हवा वेगळी आणि मुलखाचं हवामान वेगळं. जागतिक हवामान संघटनेनं हवामान म्हणायला ३० वर्षांची सरासरी ठरवून दिलेली आहे. सध्या १९९१ ते २०२० ही ३० वर्षं धरून आपलं हवामान खातं "सरासरीपेक्षा इतकं जास्त, इतकं कमी" असं सांगतं. एक आठवडा म्हणजे त्या ३० वर्षांच्या वहीतली अर्धी ओळ.

मालकांच्या ९ अंशांबद्दलही थोडं बोलायला हवं. फोनमधला आकडा तुमच्या गोठ्यात कुणी मोजलेला नसतो. आजूबाजूच्या केंद्रांवरनं आणि संगणकाच्या गणितावरनं त्या भागासाठी काढलेला तो अंदाज असतो. तुमच्याकडं टेकाड आहे, ओढा आहे, भाताचे खोलगट वाफे आहेत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरनं खाली येते आणि खोलगटात साठते. पहाटे टेकाडावरच्या काजूखाली उभं राहा आणि मग खाली वाफ्यात या, फरक कानाला कळतो. खात्याच्या व्याख्येत सपाटीवर थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली पाहिजे आणि शिवाय ते त्या जागेच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी पाहिजे. पोतं टाकावं लागलं ही साक्ष मी मानतो. म्हैस खोटं बोलत नाही. तरी तिच्या पोत्यावरनं साऱ्या जगाचा निकाल लागत नाही.

आता पंधरवड्यात आधी उकाडा आणि मागनं कडाका, हे कसं झालं? दिवसा जमीन तापते, रात्री ती ऊब आभाळाकडं सोडून देते. आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असली की ऊब सरळ निघून जाते आणि पहाटे दात वाजतात. ढग आले की जमिनीवर वाकळ पांघरल्यासारखं होतं. ऊब खालीच राहते. दिवसा ऊन नसतं म्हणून गार वाटतं, रात्र मात्र उबदार जाते. यंदा ती वाकळ बंगालच्या उपसागरावरनं आली. तुम्ही ज्याला मद्रासकडचं म्हणता ते फेंगल वादळ. ३० नोव्हेंबर २०२४ ला ते पुदुच्चेरीजवळ जमिनीवर चढलं आणि मग विरघळत पश्चिमेकडं सरकलं. वादळ मेलं तरी त्याची वाफ मरत नाही. ती साऱ्या कर्नाटकावर पसरली. आभाळ निवळलं, उत्तरेकडचा कोरडा वारा मोकळा झाला आणि वाकळ एकदम ओढून घेतल्यासारखी थंडी आली. म्हणजे तुमचं भिजलेलं भात आणि म्हशीवरचं पोतं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. त्यातली एक मालकांनी उचलली. दुसरी मुलाच्या वाट्याला आली.

फेंगल जग तापल्यामुळंच आलं, असं मी लिहिणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबर हा त्या समुद्रात वादळांचाच हंगाम आहे. २०२२ च्या डिसेंबरात मंदोस आलं, २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग. आपले आजेही सुगीत आभाळाकडं बघतच मळणी करायचे. बदललंय ते दुसरं काहीतरी. समुद्र तापलाय, आणि हवा १ अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. त्यामुळं अवेळी पाऊस येतो तेव्हा तो पदरात जास्त पाणी घेऊन येतो. पूर्वी आभाळ नुसतं भरून जायचं तिथं आता शिंतोडे, आणि शिंतोडे यायचे तिथं आता भात उगवून येण्याइतकी ओल. दरवर्षी असं होईल असं नाही, खरं फासे त्या बाजूला जड झालेत.

मालकांना एक विचारा. तापत्या जगात थंडीची लाट येणारच नाही, असं कुठल्या शास्त्रज्ञानं म्हटलंय? उत्तर भारतावरनं पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडनं येणारे हिवाळी पाऊस-बर्फाचे पट्टे, सरकले की त्यांच्या पाठीमागनं थंड हवा उतरते, ती पुढंही उतरेल. म्हशीला पोतं पुढंही लागेल. प्रश्न सगळ्या रात्रींच्या हिशेबाचा आहे. तो हिशेब असा : २०२४ हे साल देशात १९०१ पासूनचं सर्वांत गरम ठरलं, १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी वर. तुमची दिवाळी स्वेटरविना गेली त्यात नवल नाही, कारण २०२४ चा ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत गरम ऑक्टोबर होता. आणि मागोमागचा २०२५ चा फेब्रुवारी, त्याचीही नोंद तशीच, सर्वांत गरम फेब्रुवारी. शिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत पळते असं आपल्याकडं कन्नड घरात म्हणतात आणि मराठी घरातही. यंदा शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि निरोप द्यायला थंडी जागेवरच नव्हती.

०.६५ हा आकडा ऐकून मालक हसतील. हसू द्या. अर्धा अंश म्हणजे एका दिवसाला काहीच नाही. साऱ्या देशाच्या, साऱ्या वर्षाच्या, रात्री धरून सरासरीत तो चढतो तेव्हा त्याच्या पोटात तुमच्या त्या पंख्याच्या रात्री असतात. हवेतला कर्बवायू हीसुद्धा एक पांघरूणच आहे, ढगांच्या वाकळीपेक्षा पातळ, पण ती कधीच निघत नाही आणि वर्षाला थोडी जाड होत जाते. १९५८ साली नियमित मोजायला लागले तेव्हा दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढं गेलाय. म्हणून मी लोकांना सांगतो, दुपारच्या उन्हावर वाद घालू नका, पहाटेचा पारा बघा.

आणि आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. "आमच्या वेळी थंडी कशी होती" हे वाक्य मीही रोज म्हणतो. खरं माझ्या वेळी मी पडवीत झोपायचो, भिंती मातीच्या होत्या, एका वाकळीत तीन भावंडं होतो आणि स्वेटर मोठ्या भावाचा झाल्यावर मला यायचा. आज स्लॅबच्या घरात दारं लावून झोपतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, तेव्हा घरात पंखा असणं हे लग्नात मिरवायचं सामान होतं. शहर फुगलं, झाडं गेली, सिमेंट आलं, आणि सिमेंट दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहतं. शहरातल्या माणसाची थंडी निम्मी त्यातच हरवली. तुमच्या गावच्या थंडीला ते माप लावता येत नाही. मुलाच्या पुण्यातल्या खोलीचं तर नाहीच नाही.

आता काजूकडं. मुलगा म्हणतो थंडी संपली म्हणून काजू संपला. काजू हे सफरचंद नव्हे. त्याला गारठा लागत नाही, कडाक्याची थंडी तर त्याला मानवतच नाही. त्याला मोहोराच्या दिवसांत कोरडं, स्वच्छ ऊन लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत ढग, दव आणि धुकं साचून राहिलं की ढेकण्या नावाचा किडा वाढतो. कोवळ्या पालवीतला नि मोहोरातला रस शोषतो आणि मोहोर करपल्यासारखा काळा पडतो. तुम्ही लिहिलेलं "अर्धा काळा" हे बहुतेक त्याचंच काम. त्यावर उपाय आहे आणि तो जेसीबीचा नाही. पालवी फुटताना, मोहोर आल्यावर आणि बी धरताना अशा तीन वेळा फवारणी सांगतात. कुठलं औषध, किती, हे कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या माणसांना विचारून घ्या, दुकानदाराला विचारू नका. भर मोहोरात सकाळी मारू नका, मधमाश्या मरतात आणि मग बी कुठनं धरणार? संध्याकाळी मारा. सासऱ्यांनी बी पेरून केलेली झाडं असतील तर ती एकाच वेळी मोहोरत नसणार, कुठलं आधी, कुठलं मागनं. मुलाला ते गबाळं वाटेल. ढगांच्या एका आठवड्यात सगळा मोहोर एकदम सापडत नाही, हा त्याचा फायदा आहे. तुमचा मोहोर अर्धाच का गेला, याचं उत्तर तिथं असण्याची दाट शक्यता आहे.

उसाचं ऐकून मात्र मला हसू आलं, माफ करा. थंडीचा भरवसा नाही म्हणून मुलगा उसाकडं पळतोय, आणि उसात साखर भरायला लागते थंडी! गार रात्री, कोरडी हवा, स्वच्छ ऊन मिळालं की ऊस वाढणं थांबवून गोडी साठवायला लागतो. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्याचा साखर उतारा चांगला, त्यामागं ही हिवाळी हवा मोठी आहे. कर्नाटकात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत ते उगाच नव्हे. हिवाळा ढगाळ नि उबदार गेला तर ऊस हिरवाच राहतो, वाढतच राहतो. शिवाय ते टेकाड आहे. उताराची, झाडांच्या मुळांनी धरलेली माती. झाडं काढून नांगर घातला आणि जुलैत तुमच्याकडचा पाऊस त्यावर पडला, की वरचा थर खालच्या भातात येणार. आणि बोअरचं पाणी. टेकाडावर भोक मारून लागलं तर नशीब, मे महिन्यात टिकलं तर त्याहून मोठं. ऊस घ्यायचाच असता तर खाली घ्यायचा, वर नाही.

खरं सांगू का, तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य थंडीचं नाहीच. "माझे गुडघे साथ देत नाहीत, वेचायला बायका मिळत नाहीत, ते वेगळंच." ते वेगळं नाही ओ ताई. काजूला मार्च ते मे रोज माणूस लागतो, वाकणारं माणूस लागतं. उसाला टोळी येते, तोडते, ट्रॅक्टर भरून जातो, बिल बँकेत जमा. पुण्यात बसून ऊस करता येतो, काजू करता येत नाही. मुलाला हे कळलंय. कदाचित आईचे गुडघेही त्याला दिसलेत आणि "आई, तू आता वाकू नकोस" हे म्हणण्यापेक्षा "काजू संपला" म्हणणं त्याला सोपं गेलं असेल. आपल्याकडचे पुरुष असंच बोलतात. मीही त्यातलाच.

हे कारण खरं असेल तर ते कारण म्हणूनच मांडा, हवामानाच्या खुंटीला टांगू नका. कारण त्याला वेगळी उत्तरं आहेत. बाग दोन वर्षं कुणाला खंडानं द्या, वेचणी त्याची. किंवा वेचलेल्यात वाटा देऊन गावातलंच एखादं घर जोडा. बी गळायला लागायच्या आधी झाडाखालचा पाचोळा नि गवत काढून जमीन लख्ख करा, जुन्या साड्या पसरा. बी दिसतं, वाकणं निम्म्यावर येतं. हे सगळं करून बघितल्यावरही जमलं नाही तर चार वर्षांनी झाडं काढा, मी अडवणार नाही. तोडलेलं झाड परत लावायला मात्र कलम आणावं लागतं, तिसऱ्या वर्षी ते जेमतेम बी दाखवतं आणि भरात यायला आणखी काही वर्षं जातात.

अडवायला मला तोंडही नाही. २०१६ च्या दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ दाखवला. मी घाबरलो. आता पाणी संपलं, सुपारी संपली, असं म्हणून परसातल्या अकरा सुपाऱ्या एका दिवसात आडव्या केल्या. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा त्याच परसात गुडघाभर पाणी. भूगोल शिकवत आयुष्य गेलेल्या माणसाची ही गोष्ट. बायको अजून बाजारातनं सुपारी आणली की पुडी माझ्यासमोर ठेवते, बोलत काही नाही.

भाताचं मात्र लगेच बदला, कारण तिथं चुकलं तरी एका हंगामाचं चुकतं आणि जमलं तर पहिल्याच वर्षी पदरात पडतं. कापणीआधी चार-पाच दिवसांचा अंदाज बघायचा. हवामान खात्याचं मेघदूत ॲप मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची वरुणमित्र ही फोनसेवा शेतकऱ्यांसाठीच आहे. उपसागरात काही घोंघावतंय असं दिसलं की कापणी पुढं ढकला, उभं भात बुरबुर सोसतं, आडवं सोसत नाही. कापून झालं असेल तर त्याच दिवशी वळी (पेंढ्यांची रास) घाला, खाली लाकडं, वर ताडपत्री. चांगली जाड ताडपत्री महाग आहे, खरं कोंब आलेल्या भाताच्या भावापेक्षा स्वस्त.

पीक विम्याचंही लक्षात ठेवा. कापून शेतात वाळत घातलेलं पीक १४ दिवसांच्या आत अवेळी पावसानं किंवा वादळानं भिजलं तर भरपाईची तरतूद प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आहे, पण नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. तुमच्या भागात, तुमच्या पिकाला ती तरतूद लागू आहे का, हे हप्ता भरतानाच विचारून घ्या. भिजल्यावर विचारायला गेलं की मग "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकावं लागतं.

आणि मसूर. आपल्या शिवारातली मसूर भाताच्या मागच्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर जगते, पाणी कुणी देत नाही तिला. थंडी आखडली आणि फेब्रुवारी तापला की ती घाईनं पिकते, दाणा बारीक राहतो. हरभऱ्याचंही तेच. तिथं मुलाचं म्हणणं मला पटतं, ही पिकं खरोखर थंडीची आहेत आणि शेवटचा थंडीचा महिना आता गृहीत धरता येत नाही. म्हणून पेरणी पुढं ओढायची. एका वाफ्यात इंटाणसारखं लांब मुदतीचं भात असेल तर तिथं लवकर निघणारं घेऊन बघा, रान दोन आठवडे आधी मोकळं झालं तर मसूर फुलात येईपर्यंत गारवा मिळतो. सगळ्या रानात नको. एकाच वाफ्यात, यंदा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत जुनं.

शेवटी ती वही. मुलानं उघडली नाही म्हणता, तर तुम्ही उघडा. काजूच्या हिशेबाची वही म्हणजे पहिलं बी कधी विकलं, किती शेर, कुठल्या आठवड्यात संपलं, हे त्यात असणारच. सासऱ्यांनी ते पैशासाठी लिहिलं, तरी ती तुमच्या टेकाडाची हवामानाची नोंद आहे आणि तशी हवामान खात्याकडंसुद्धा नाही. पहिल्या विक्रीची तारीख वर्षावर्षाला सरकत गेली का, उत्पन्न दर चार-पाच वर्षांनी पडायचं ते आता वरचेवर पडतंय का, हे बघा. वाईट वर्षं त्या वहीतही भरपूर सापडतील, मोहोर काळा पडलेलीसुद्धा. त्या वर्षी सासऱ्यांनी काय केलं, तेही असेल.

त्याच वहीत पुढची पानं सुरू करा. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर मिळतो, पुण्याहून येताना मुलाला आणायला सांगा, खर्चही त्यालाच करू द्या. तो भिंतीला ठोकू नका, पत्र्याखाली तर नाहीच. उघड्यावर, सावलीत, छातीच्या उंचीला, वारा लागेल असा. रोज सकाळी किमान आकडा लिहायचा, शेजारी एक शब्द : ढग, दव, धुकं, स्वच्छ. पहिला मोहोर दिसला की तारीख. मालक पहाटे धार काढायला उठतातच, त्यांच्यावर सोपवा. पोत्यावर आणि फोनवर त्यांचा इतका विश्वास आहे, तर पाऱ्यावरही बसेल. महिन्याच्या महिन्याला त्या पानाचा फोटो मुलाला जाऊ द्या. त्याच्या कंपनीत दिवसभर आकड्यांचंच काम चालत असणार, घरचे आकडे बघायला त्याला लाज वाटणार नाही. दोघं बोलतील न बोलतील, निदान एकाच पानावरनं भांडतील.

त्या वहीत माझं एक काम आहे. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी वादळ अरबी समुद्रातनं वर गेलं, कोकणात भर थंडीत पाऊस पडला होता. घाटमाथ्याला लागून असलेल्या तुमच्या टेकाडावर तेव्हा मोहोराचं काय झालं आणि पुढच्या मे महिन्यात काजू किती निघाले, ते पान सापडलं तर मला जरूर कळवा. मी आठ वर्षं शोधतोय, माझ्याकडं त्या दिवसांची नोंद नाही. तेव्हा परसात मोजायला सुपारीच उरली नव्हती.